काडी सरळच गेल्ती

काल तुही तेरवी झाली, भाऊ. पंगत उठली तरी लोकं ओसरीवरून हालायले तयार नव्हते. "काय मरण आलं! उशाशी पोथी, मुखी नाव, अन् वरून एकादशी. लाखात एकाले भेटते असं." मी कोपऱ्यात सुपारी कातरत आयकत होतो. याच लोकायनं मागच्या साली वावराच्या धुऱ्या-बांधाच्या भांडणात तुह्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. मेल्या म्हशीले मनभर दूध, दुसरं काय!

मीही मान हालवली. मास्तर मानूस, चारचौघात तोंड आवरायची सवय. वाशीमकडल्या मालेगावच्या शाळेत पोरायले जन्मभर शुद्ध बोला, शुद्ध लिहा म्हणून शिकवलं. पण तुह्याशी शुद्ध बोलायले गेलो की मलेच खोटं वाटते. म्हणून घरच्या बोलीतच लिहून राह्यलो. तू वाचणार नाही हे मालूम हाय. जिता होता तवाही माह्या अक्षरावर तुही नजर ठरत नव्हती. तुले छापलेलं तेवढं खरं वाटे.

तुह्याबद्दल चांगलं सांगतो म्हटलं तर दिवस पुरणार नाही, अन् त्यातलं एकही खोटं नाही. बाप गेला, मंग माय गेली, मी पाच वर्षाचा. तू सतरा-अठराचा असशीन. आपल्या किन्हीराजा गावातल्या लोकायनं म्हटलं, धाकल्याले मामाकडे धाड. तुनं नाही धाडलं. नाल्याले पूर आला की मले खांद्यावर घेऊन शाळेत नेऊन टाके, अन् दुपारी भाकर घेऊन फिरून येई. तुही शाळा दुसरीतच सुटली. बोट ठेवून ठेवून वाचे तू, एका ओळीले एक चिलीम संपे. पण माह्या पाटीवर धूळ बसू देली नाही. कोणी इचारलं तर म्हणे, "आमचा गणपत वाचते, मी आयकतो. दोन भावायत एवढं बस झालं." हे मी विसरलो नाही. विसरता आलं असतं तर तुह्याशी भांडायले सोपं गेलं असतं.

अन् पोथी. बापानं मागं ठेवलेली तेवढीच एक वस्तू, ज्याच्यावर आपल्या दोघायचं भांडण नव्हतं. सुट्या पानायची, लांबोडकी, लाल फडक्यात बांधलेली. शेवटच्या अध्यायात फलश्रुती: जो भाव ठेवून, आसन न मोडता, सात दिवस वाचन, त्याले काय काय भेटन त्याची भली मोठी यादी. निपुत्रिकाले पुत्र, रोग्याले आराम, वाट चुकल्याले वाट. तुले ती तोंडपाठ होती. वखर हाकता हाकता म्हणे तू. मले लहानपणी वाटे, आपला भाऊ देवासंग सौदा पक्का करून राह्यला.

कौलाची रीतही बापाचीच. अडचण आली की पोथी बंद करून पाटावर ठेवायची, हात जोडायचे, डोळे मिटून दर्भाची काडी पानायच्या मधात घालायची. काडीवरचं पान काढायचं अन् त्याची पहिली ओळ वाचायची. तोच देवाचा जबाब. त्यात एक नेम होता. काडी घालणाऱ्यानं वाचायचं नाही, अन् वाचणाऱ्यानं काडीले हात लावायचा नाही. दोन मानसं लागत, म्हणजे लबाडीले जागा राहत नाही, असं बाप म्हणे. आपल्या घरी काडी तुही अन् वाचन माहं. भोळाच होता बाप. दोन सख्खे भाऊ मिळून लबाडी करतीन, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

त्या साली माघात तू पारायणाले बसला. वयनीच्या लग्नाले आठ वर्षं झालती, कूस उजवली नव्हती. दोन पारायणं आंधीच मोडली होती. एकदा चुलत आजी मेली अन् सुतक आलं, एकदा तुलेच ताप आला. तिसऱ्यांदा बसताना तुनं सगळ्यायच्या देखत सांगतलं, "हे मोडलं तर या जन्मी पोरगं नाही." पारायणाचे नेम कडक. सात दिवस एकच आसन, एक वक्ताचं जेवण, अन् गावठाण सोडायचं नाही. वयनी संकल्पात जोडीनं बसलेली, म्हणून चूल माह्या बायकोकडे. तुळसा अठराची होती. दोन वर्षं झालती लग्नाले. ओल्या लुगड्यानं नैवेद्य रांधे अन् तुह्यासमोर पाट मांडून मागच्या मागं सरे. तू भासरा, तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. तिनं दोन वर्षात तुह्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देला नव्हता अन् तोंडातून शब्द काढला नव्हता.

चौथ्या दिवशी कोतवालानं दवंडी देली. खालच्या गल्लीत उंदीर पडले, गाव मोकळं करा. गाठीचा ताप म्हणजे काय हे मागच्या खेपेले सगळ्यायनं पाह्यलं होतं, म्हणून कोणी थांबलं नाही. दिवस मावळायच्या आत बैलाच्या बंड्या भरल्या. वावरावावरात तुराट्याच्या झोपड्या उभ्या राह्यल्या. आपल्या आळीत फक्त आपल्या घरातून धूर निंगत होता.

पाचव्या दिवशी सकाळी कणगीजवळ तुळसेले उंदीर सापडला. तिनं तो चिमट्यानं उचलून उकिरड्यावर जाळला, हात राखेनं घासले अन् मले गुराच्या कोठ्यात गाठलं. "आवो, आपल्या घरात पडला. आता काय वाट पाहून राह्यले?"

म्या म्हटलं, "भाऊचं आसन हाय. अजून दोन दिवस."

"मंग त्याईले राहू द्या. आपुन तर जाऊ."

"नैवेद्य कोन रांधन?"

तिनं माह्याकडे पाह्यलं. मंग चुलीकडे गेली. मी बह्याड, मले ते तवा बरोबरच वाटलं.

तरी मी तुह्याकडे आलो. वाचन आटपलं होतं, तू पोथी बांधत होता. म्या सांगतलं तसा तू घाबरला. पोथीची गाठ तुनं फिरून सोडली. तू म्हणे, "आपल्या मनानं कायले ठरवायचं? पान काढू. तो सांगन तसं करू." दरवाजा लोटला. वयनी अन् तुळसा भायेर ओसरीवर बसल्या. तुनं डोळे मिटले, काडी घातली. म्या पान काढलं अन् वाचलं.

शिष्याले गुरू सांगते, ऊठ, हे गाव आत्ता सोड, मागं वळून पाहू नको. एवढं साफ. इतकं साफ पान म्या जन्मात कधी काढलं नव्हतं. कोड्यात बोलणारी पोथी ते, नदी म्हणे तर आपुन बाई समजावं अन् राजा म्हणे तर जीव समजावं. त्या दिवशी तिनं कोडं घातलंच नाही. मोठ्यानं वाचलं म्या अन् मले एवढा आनंद झाला भाऊ, की उभाच झालो.

तू बसून होता. तुनं डोळे उघडले नव्हते. मंग हळूच म्हणे, "काडी तिरपी गेल्ती. फिरून काढू."

काडी सरळ गेल्ती. म्या पाह्यली होती. तुलेही मालूम होतं, बोटाले कळते ते. गाव सोडा म्हणून देव सांगून राह्यला, अन् गाव सोडलं तर पोरगं नाही म्हणून तोच देव शेवटच्या अध्यायात सांगून राह्यला. तुले वाट अन् फळ दोन्ही एकाच तोंडातून आलं, अन् तुनं फळ घेतलं. तुनं पान मधात सरकवलं, फिरून काडी घातली. म्या वाचलं. दारात पुराचं पाणी आलं तरी भक्त जागचा हालला नाही, असं काहीसं होतं. "बस," तू म्हणे, "झालं. बायायले सांग."

अन् म्या सांगतलं. दरवाजा उघडून माह्याच तोंडानं, ज्या तोंडानं पहिलं पान वाचलं त्याच तोंडानं, म्या म्हटलं, "राहायचं निंगालं." कायले म्हटलं? अजून इचारतो मी मलेच. तुह्या शब्दाच्या भायेर मी कधी गेलो नव्हतो. तुह्या खांद्यावर बसून नाला ओलांडलेला मानूस मी. मले वाटलं, भाऊनं म्हटलं तिरपी तर तिरपी असन.

तुळसा उठली नाही. पदर कपाळापर्यंत ओढून, भिंतीकडे पाहत ती म्हणे, "आवाज दोनदा आला."

म्या म्हटलं, "काडी तिरपी गेल्ती."

"पहिल्यांदा काय निंगालं?"

"काही नाही. वाचता आलं नाही."

तवा तिनं तोंड उघडलं, भाऊ. तुह्यासमोर, उभ्या जन्मात एकदाच. दरवाजातून तू दिसत होता तिले. ती म्हणे, "देव एकदाच बोलते. दुसऱ्या खेपेले मानूस बोलते."

वयनीनं तोंडावर हात मारला, "अय माय वं! भासऱ्यापुढं?" तुनं पोथी बांधली. पण ते वाक्य तुनं उचलून ठेवलं.

सहाव्या दिवशी दुपारी तिले हीव भरलं. काखेत गाठ. घरात सोवळं होतं म्हणून तिले गुराच्या कोठ्यात ठेवलं. मीच ठेवलं, दुसऱ्यावर कायले ढकलू? वाशीमचा दवाखाना कोसोगणती दूर, अन् गाठ आलेल्या मानसाले बंडीत घ्यायले कोणी तयार नाही. मी ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसत बसलो. ती शुद्धीवर होती. मले म्हणे, "आता तरी सांगा. पहिल्या पानावर काय होतं?"

म्या म्हटलं, "काही नव्हतं. काडी तिरपी गेल्ती."

ती हसली अन् बैलाकडे तोंड करून निजली.

सातव्या दिवशी तू समाप्ती केली. शेवटचा अध्याय तू मोठ्यानं वाचला, बोट ठेवून ठेवून. कोठ्याच्या भिंतीतून एक एक शब्द येत होता. रोग्याले आराम, हेही आलं त्यात. तुळसेनं आयकलं. म्या आयकलं. वयनीनं शंख फुकला. दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आली तवा तुळसा गेली.

तिरडीले चौघं जण मिळायले किती येळ लागला तुले आठवत असन. एका बाजूनं तू होता, उघड्या पायानं, अन् तू रडत होता. खरंच रडत होता. मंग महिनाभर मी जेवलो नाही तवा तुह्याच हातानं तू मले वरणात भाकर कुसकरून चारली, वीस-एकवीस वर्षाच्या गड्याले. त्या महिन्यात तू मले सांगून टाकलं असतं, गणपत, चुकलो, तर म्या तुले तथीच माफ केलं असतं. मी वाट पाहून राह्यलो होतो रे. तू म्हणे, "देवाची इच्छा." बस.

पुढल्या सालच्या मार्गशीर्षात देवराव झाला. पोथी खरी निंगाली! साऱ्या आळीनं पेढे खाल्ले. देवरावचा काही दोष नाही, ते पोरगं माह्या मांडीवर अक्षरं शिकलं, अन् माह्या जीवाले जीव देते. पण त्या पेढ्याची चव अजून तोंडातून जात नाही. तुहं नाव झालं. उंदीर पडले तरी घर सोडलं नाही, आसन मोडलं नाही, अन् देवानं घर राखून वरून पोरगं देलं! दूरदूरून बंड्या येऊ लागल्या. पोथीवाले भाऊ. पार कारंज्याकडल्या धनजचेही लोकं कौल लावायले येत, तूर पेरू का पऱ्हाटी, पोरगी कुठं देऊ, कोर्टात जाऊ का नको. मी तवर मालेगावले मास्तर झालतो. मले एक सांग, पहिलं पान सोडून दुसरं घेणाऱ्या मानसाकडे लोकं वाट इचारायले येत, तवा तुले आतून काहीच होत नव्हतं? का तुले स्वतःलेही ते तिरपंच वाटू लागलं होतं?

चारेक वर्षानं मी शाळेच्या कामानं बैलाच्या दमणीतून वाशीमले निंगालतो. बाजूले एक म्हतारा, मोठा बोलघेवडा. माहं गाव इचारलं. म्या किन्हीराजा सांगतलं.

"किन्हीराजा! मंग तुमाले मालूमच असन. पोथीवाल्याचं घर."

"हाव, आयकलं हाय."

"बाप्पा, काय भाव त्या मानसाचा! घरात उंदीर पडले, पन गडी आसनावरून हालला नाही. साऱ्यायले वाचवलं पोथीनं. फकत त्याच्या धाकल्या भावाची बायको मेली. तिनं शंका घेतली होती, कौलाच्या वक्ती. बरोब्बर तेवढीच मेली. देव पाहते राजेहो, ज्याचा भाव कमी पडला त्याले तो बरोबर टिपते."

"असं कोनं सांगतलं?"

"तोच सांगते ना! पोथीवाला. सप्त्यात बसला की पयले हेच सांगते."

मी दमणीतून उतरलो. वाशीम आलंही नव्हतं. पायी मागं फिरलो, तुह्या मळ्यात आलो, तू मोटेवर होता. किती बोललो मी तुले त्या दिवशी, शिव्याही देल्या. तू मोट थांबवली नाही. मी म्हटलं, एवढं एक वाक्य मागं घे. तुह्या पोथीचा मोठेपणा तुले लखलाभ, तुह्या पोराले शंभर वर्षं आयुष्य भेटो, फकत तुळसेचा भाव कमी पडला हे म्हणणं सोड.

तू म्हणे, "मंग ती कायले मेली, तू सांग. मानसाले कारन लागते गणपत. देवानं खोटी वाट दाखवली म्हनू? का पोथी खोटी म्हनू?"

तिसरंही एक कारण होतं. तुह्या तोंडाशी आलं होतं ते, अन् माह्याही. दोघायनं गिळलं. कारण ते काढलं तर तुह्यासंग मीही उघडा पडत होतो. काडी तुही होती, पण आवाज माहा होता.

मंग दर दिवाळीले तेच. भाऊबीज आटपली की आपुन दोघं मळ्यात जायचो अन् भांडायचो. मी म्हणे वाक्य मागं घे, तू म्हणे दुसरं लग्न कर. बैलंही कंटाळले असतीन. पहिल्या पानाचं नाव ना तुनं काढलं ना म्या. तीस वर्षं! एवढं भांडण करूनही ज्यापायी भांडायचं तेच बाजूले ठेवायचं, हे आपल्यालेच जमलं. भावकीतलं मौन म्हणतात ते हेच असन.

मागच्या महिन्यात देवरावनं बंडी धाडली. लढाईपायी मालेगावात औषधाचाही दुष्काळ, मी चार पुड्या कशाबशा मिळवून आणल्या. तुह्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, अंगात हाडं तेवढी. औषधाकडे तू पाह्यलंही नाही. म्हणे, "गणपत, पान काढ. उठतो का नाही ते पाहू." तुह्या हातात काडी देली. तुनं घातली. म्या पान काढलं.

पान वाईट होतं. त्यात एक म्हतारा राजा वनात जाऊन देह ठेवते. म्या ते मनातच वाचलं.

"काय निंगालं?"

म्या पान खाली ठेवलं.

तू म्हणे, "तिरपी गेली असन. फिरून काढू."

तुलेही आयकू आलं, भाऊ, तुनंच काय म्हटलं ते. म्या पाह्यलं. तुहा हात पोथीकडे येत होता, तो अर्ध्यात थांबला.

म्या म्हटलं, "भाऊ, काडी सरळ गेली. आजही, अन् तवाही."

तुह्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी उतरून कानात गेलं. मले वाटलं, आता बोलते. तीस वर्षाचं आता सुटते. तुनं तोंड उघडलं अन् इचारलं, "जेवला का तू?"

जेवला का! अरे, जेवला का म्हणजे माफी होते का? मले तवाच्या तवा उठून जावंसं वाटलं. पण मी म्हटलं, जेवतो. अन् चुलीजवळ जाऊन जेवलो, कारण तू लहानपणापासून इचारलं अन् मी नाही म्हटलं असं कधी झालं नव्हतं. चौथ्या दिवशी तू गेला.

आता कालचं सांगतो, मंग झालं. पंगत उठल्यावर लोकायनं देवरावले म्हटलं, बाबाचा तो चमत्कार सांग. पोरगं हुबेहूब तुह्या आवाजात सांगू लागलं. दवंडी, बंड्या, ओस गाव, अन् शेवटी तेच वाक्य. "काकूचा भाव कमी पडला." त्यानं ते दूध पेतापेताच आयकलं होतं, त्याले ते कोणाच्या मरणाचं वाक्यच वाटत नाही. मंग माह्याकडे वळून म्हणे, "काका तर तथीच होते. काका, तुमीच सांगा."

सुपारी बाजूले ठेवली अन् म्या सांगतलं. दोन पानं. पहिलं काय होतं, दुसरं काय होतं, काडी कशी गेल्ती, दरवाजा उघडून मी काय बोललो. सगळं. आवाज जराही हालला नाही. मले वाटलं होतं, लोकं तुह्या नावानं थुकतीन, नाहीतर माह्या. मी दोन्हीले तयार होतो.

काहीच झालं नाही. मंग पाटील म्हणे, "वा! म्हंजे पोथीनं आंधीच सांगतलं होतं! पाहा राजेहो, किती सत्य पोथी!" अन् झाली की गर्दी. एक एक जण उठून पोथीवर डोकं टेकवून राह्यला. पुढल्या सप्त्याचा दिवसही तथीच ठरला. आता चमत्कारात एक चमत्कार वाढला बस.

हसावं का रडावं, कळलं नाही. अन् खरं सांगू? ते चूक नाहीत. तीस वर्षं मी मनात पोथीले शिव्या देल्या. पोथी खोटी असती तर माहं ओझं हलकं झालं असतं, आपुन फसलो म्हटलं असतं. पण तिनं सांगतलं होतं. कधी नव्हे ते साफ सांगतलं होतं. देव म्हणा, योगायोग म्हणा, म्या ते वाचलं होतं.

वयनीनं मले माजघरात बोलावलं. कपाळ उघडं, हात उघडे. म्हणे, "भाऊजी, एवढी वर्सं पोटात ठेवलं तर अजून जराक ठेवा लागत होतं. माह्या पोराचा जलम तुमी चोरीचा करून टाकला." म्या म्हटलं, "वयनी, तुळसेचं मरणही चोरीलेच गेलं होतं." ती म्हणे, "मले काय मालूम नव्हतं का? दरवाजा पातळच होता, अन् मी त्याले टेकूनच बसली होती." अन् रडत राह्यली. तिच्यावर राग धरता आला नाही. आठ वर्षं सगळ्या गावानं तिले वांझ म्हणून हाक मारली होती. म्हणजे पहिलं पान आपल्या तिघायलेही मालूम होतं, भाऊ. खोटं तेवढं एकट्या तुळसेले सांगतलं.

आता मालेगावले जातो. दिवाळीले मळ्यात जायले कोणी राह्यलं नाही. तुह्यावरचा राग अजून हाय, तो काही तेराव्या दिवशी जेवून उठत नाही. अन् सकाळी उठलो तवा अंगणात तुह्या चपला दिसल्या तर पुसून ओसरीवर ठेवल्या, तेही हाय.

एक काम सांगतो. तू गेला तथी तुळसा असन. अठराचीच असन ती. तू दिसला की पदर ओढून आडोशाले उभी राहीन, भासरा म्हणून समोर येणार नाही. तर तूच जाजो. कालचं म्या गावाले सांगतलं, पण गावानं इचारलंच नव्हतं. इचारलं तिनं होतं, एकदा ओसरीवर अन् एकदा कोठ्यात, अन् दोन्ही खेपेले मी तिच्या तोंडावर खोटं बोललो. तिले सांगजो भाऊ, पहिल्या पानावर काय होतं.